झेंड्याखालच्या दोन शपथा

जमनीबाईचं नाव काढलं की तांड्यातली तरणी पोरं हसतात. "देशाले करारात न्याले निघालती, ते म्हातारी काय?" असं विचारतात आणि एकमेकांना कोपर मारतात. मला त्या हसण्याचा भयंकर राग येतो. एक तर ती म्हातारी नाही, माझ्याच वयाची आहे. आणि दुसरं, जे काही हसण्यासारखं झालं त्याची सुरुवात माझ्या तोंडून झाली. तोंड उघडण्याआधी दोनदा विचार करावा, ही अक्कल मला साठीच्या उंबऱ्यावर आली, तीही दुसऱ्याचं घर मोडल्यावर.

मी बाबाराव. घाटंजी तालुक्यातल्या एका गावच्या गुरांच्या दवाखान्यात तीस वर्षं काढली. सरकारी कागदावर माझं पद व्रणोपचारक, म्हणजे जखमा धुणारा-बांधणारा. हा शब्द उच्चारताना आमच्या साहेबांचीही जीभ अडखळायची, म्हणून सगळे मला डाक्तर म्हणत आणि मीही कधी दुरुस्त केलं नाही. दवाखान्यामागचा नाला ओलांडला की बंजाऱ्यांचा तांडा, सत्तरेक घरांचा. तिथल्या गाई-म्हशींची बाळंतपणं मी केली. जर्सीचं वासरू त्या तांड्यात पहिल्यांदा जन्मलं ते माझ्या हातावर, जमनीबाईच्या गोठ्यात.

तिचा नवरा भावसिंग विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला, तेव्हा मुलगा संजय सातवीत होता. तिने केसांतले चांदीचे दागिने उतरवून पेटीत ठेवले, पण फेट्या-काचळी, म्हणजे बंजारणीचा घागरा-चोळी, सोडली नाही. बाकीच्या बायका साड्यांवर आल्या. ही अजून आरशांच्या काचळीत. उंच, काटक, आवाज खर्जातला. रडत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्याच वर्षी तिने तांड्यातल्या बायका गोळा केल्या, मला सोबत घेतलं आणि घाटंजीला जाऊन डेअरीच्या माणसाला अक्षरशः धरून आणलं. तिच्या पडवीत दूध संकलन केंद्र सुरू झालं. सकाळ-संध्याकाळ घराघरांतून किटल्या यायला लागल्या. फॅट मोजायचं यंत्र फार नंतर आलं. तोवर ती अंगठ्याच्या नखावर दुधाचा थेंब घेऊन सांगायची, यात पाणी किती ते. खोटं निघालं तरी ओरडायची नाही. किटली उचलून तशीच त्या बाईच्या हातात परत द्यायची. मग ती बाई आठ दिवस मान खाली घालून यायची.

त्या दुधावर तिने संजयला आयटीआय करायला लावलं. तो यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत सूत काढणाऱ्या एका कंपनीत लागला, चार वर्षांत सुपरवायझर झाला. बबिताशी लग्न झालं, तिथेच खोली केली, एक मुलगी झाली. पण दर शनिवारी संध्याकाळच्या एसटीने तिघं तांड्यात यायची आणि रविवारी केंद्रावर आईच्या जागी संजय बसायचा. आईला तो याडी म्हणायचा. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आईला याडीच म्हणतात. मायलेक एका ताटात जेवत. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून कोणाला वाटेल की आधीपासूनच काही बिनसलेलं असेल. काहीही बिनसलेलं नव्हतं.

२०१९ ची दिवाळी जवळ आली होती. मी पेपर वाचणारा माणूस, आणि वाचलेलं पोटात ठेवणं मला कधी जमलं नाही. एका संध्याकाळी केंद्रावर बसून मी सगळ्या बायकांना ज्ञान पाजळलं. म्हटलं, सोळा देश मिळून एक मोठा बाजार करतायत. त्याला आरसेप म्हणतात. एकमेकांच्या मालावरची जकात जवळजवळ जाणार. त्यात न्यूझीलंड नावाचा देश आहे, तिथे माणसांपेक्षा गाई जास्त. तिथली दुधाची पावडर इकडे आली की तुमच्या किटल्यांना कोण विचारतो?

जमनीबाई दूध ओतत होती. तिने किटली खाली ठेवली.

"मंग सरकार काहून सही करून राह्यलं?"

"अजून केली नाही. इतकी वर्षं बोलणी चालू आहेत, आपण बोलण्यात आहोत. सही करायची की उठून बाहेर यायचं, ते आता ठरायचं आहे."

"बाहीर या म्हना त्याइले."

"मी म्हणू?"

"तुमी नाई तं कोन? तुमाले वाचता येते."

मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू! घनश्याम नावाचा एक कार्यकर्ता तेव्हा गावोगाव फिरून कराराविरुद्ध माणसं जमवत होता. मी त्याला जमनीबाईचं नाव सांगितलं. दिवाळीच्या आधी यवतमाळला कलेक्टर कचेरीसमोर धरणं झालं, तिथे ती अकरा बायका घेऊन छोट्या टेम्पोतून गेली. मीही किरकोळ रजा टाकून गेलो. घनश्यामने तिच्या हातात माईक दिला. मला वाटलं, बाई घाबरेल. ती म्हणाली, "मायी नात मायाच गाईचं दूध पेईन. परदेशाचं नाई पेनार. इतकंच सांगाले आलो." आणि माईक परत दिला. टाळ्या थांबेनात.

त्याच आठवड्यात संजयच्या कंपनीच्या गेटवर कामगार पाट्या घेऊन उभे राहिले. त्यांची मागणी बरोबर उलटी होती. मालकाने त्यांना सांगितलं होतं की आपलं सूत बाहेरदेशी जातं. करारात राहिलो तर आणखी जाईल, बाहेर पडलो तर ऑर्डरी दुसरे देश नेतील आणि गेटला कुलूप लागेल. त्यात खरं किती, मालकाच्या पोटातलं किती, मला माहीत नाही. धरण्यात आम्ही सांगत होतो त्यातही खरं किती होतं, ते मला आजही माहीत नाही. जिल्ह्याच्या पेपरने दोन्ही बातम्या एकाच पानावर छापल्या. वर हात उगारलेली जमनीबाई, खाली "करार झालाच पाहिजे" अशी पाटी धरलेला संजय. ही मायलेकं आहेत हे पेपरवाल्याला कळायचं काही कारण नव्हतं. दोघांचं आडनाव राठोड, आणि आमच्याकडे राठोड पैशाला पासरी.

मला कळलं. मी तो पेपर घडी करून खिशात घातला आणि थेट तांड्यात दाखवायला गेलो. का गेलो? गंमत म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी बंजाऱ्यांच्या घरी धबुकार असतो. चुलीतल्या निखाऱ्यावर घरचा पुरुष लापशी आणि तुपाचा घास टाकतो आणि गेलेल्या माणसांची नावं घेतो. संजयने त्या सकाळी भावसिंगच्या नावाने घास टाकला, मी पडवीत बसून पाहिलं. वास अजून घरात होता, तेवढ्यात नसाबाचं बोलावणं आलं.

नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. सेवालाल महाराजांच्या पांढऱ्या झेंड्याखाली भरते, नायक फुलसिंग मधे बसतो. घनश्यामला तांड्याचा ठराव हवा होता, कराराविरुद्ध, दिल्लीला पाठवायला. त्या तांड्याची रीत अशी की एक घर जरी नाही म्हणालं तर नायक तांड्याचा शब्द देत नाही. एकेका घराचा कर्ता पुरुष उठून हो म्हणत गेला. जमनीबाईच्या घराचा कर्ता पुरुष संजय. तो उठला आणि म्हणाला, "माया होकार नाई."

फुलसिंग नायक तसा हसतमुख माणूस. तो म्हणाला, "अरे, तुयी याडी यवतमाळात भाषन देऊन आली आन् तू नाई म्हनतं?"

"याडीले दूध दिसते, मले सूत दिसते," संजय म्हणाला. "आपुन गोर लोक. आपले बाप-आजे हजार-हजार बैलांवर मीठ लादून मुलूख फिरले. त्याइनं कधी म्हटलं का परक्याचा माल नोको, दार लावा? लदेनीवाल्याचे पोरं आपुन, आन् दाराले कुलूप लावा म्हनतो! लाज वाटली पायजे."

जमनीबाई बायकांत मागे बसली होती. ती उभी राहिली. नसाबात बाईने असं उठायचं नसतं, पण तिला कोण अडवणार होतं?

"लदेनी कोनं संपवली, ते बी सांग ना," ती म्हणाली. "साहेबाची आगगाडी आली, साहेबाचं मीठ आलं, आन् तुया आज्याच्या आज्याचे बैल वाटंवर मेले. मोठ्या बाजारानंच खाल्ली आपली लदेनी. तुले कंपनीनं तेवढं नाई सांगतलं?"

माणसं वाहवा करायला लागली. आणि ही वाहवाच वाईट. दोघांनाही चढली. संजय म्हणाला, याडीला कोणीतरी पढवलंय, आणि माझ्याकडे पाहिलं. ती म्हणाली, तुला मालकाने विकत घेतलंय. शब्दाला शब्द वाढला. मग ती तरातरा पुढे आली आणि तिने झेंड्याच्या खांबावर हात ठेवला.

इथे मला उठायला हवं होतं. त्या खांबावर हात ठेवून बोललेल्या शब्दाला तिथे आण म्हणतात, आणि ती आण दोनच प्रकारे सुटते. बोललेलं घडावं लागतं, नाही तर बोलणाऱ्याने स्वतः येऊन नायकासमोर त्याच खांबाला पाणी घालावं लागतं. तांड्यातला एक म्हातारा भावाशी बोलणार नाही असं तिथे बोलून बसला होता; भाऊ मेला, त्याच्या तिरडीशेजारी हा मुका बसला. मी ते पाहिलेलं होतं. तरी बसून राहिलो. मजा येत होती ना!

"देश त्या करारातून बाहीर येत नाई, तवलोक संजय माया चुलीपाशी बसनार नाई," जमनीबाई म्हणाली.

संजय पुढे आला. त्याने तिच्या हाताच्या वर हात ठेवला.

"आन् देश बाहीर आला, तं तो परत आत जात नाई तवलोक मी या तांड्यात पाय ठेवनार नाई."

पोरांनी शिट्ट्या मारल्या. नायकसुद्धा हसला. दिल्लीतली माणसं काहीही ठरवोत, संजय आईच्या चुलीपासून दूरच राहणार होता, एवढं साधं गणित सत्तर घरांत एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. संजयने त्याच संध्याकाळी बबिताला आणि मुलीला घेऊन लोहारा गाठलं.

आठवड्याने बातमी आली. भारताने सही केली नाही, आपण उठून बाहेर आलो. यवतमाळात, नागपुरात, टीव्हीवर लोक भांडत होते, कोणी म्हणे देश वाचला, कोणी म्हणे देशाने पायावर धोंडा मारून घेतला. तांड्यात भांडण नव्हतं. तिथे नगारा वाजत होता. गुलाल उधळला. घनश्यामला खांद्यावर घेतलं. बायका झेंड्याभोवती फेर धरून नाचल्या, त्यात जमनीबाई सगळ्यांत पुढे. नाचता नाचता ती थांबली. घामाघूम चेहऱ्याने माझ्यापाशी आली आणि कानाशी लागून हळूच म्हणाली, "डाक्तर, आता आपुन परत आत कधी जाऊ?"

तेव्हा कुठे मला संजयची आण आठवली.

पहिलं वर्ष बरं गेलं म्हणायचं. संजय शब्द पाळत होता, पण आईवर रुसलेला नव्हता. रविवारी तो बबिताला आणि मुलीला घेऊन तांड्याच्या फाट्यापर्यंत यायचा. फाटा तांड्यापासून दोन किलोमीटर, तिथे चहाची टपरी. जमनीबाई डब्यात लापशी घेऊन चालत जायची. टपरीच्या बाकावर मायलेक एका डब्यात जेवायचे. मी फुलसिंग नायकाकडे गेलो, म्हटलं, "सोडवा ना ही आण." तो म्हणाला, "डाक्तर, त्यानं येऊन खांबाले पानी घातलं का सुटली. पन याचं नाई, हेच तं आन हाय." मी म्हटलं, "मग खांब न्या फाट्यावर." तो माझ्याकडे असा पाहत राहिला की जणू मी गावात नवीन आलेला माणूस आहे.

मग लॉकडाऊन आला. कंपनीने माणसं कमी केली, त्यात संजय गेला. मालक म्हणाला, करारात असतो तर ही वेळ आली नसती. निम्मं जग बंद पडलेलं असताना तो हे म्हणाला आणि लोकांनी ऐकून घेतलं. संजय एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात लागला. रविवारची सुट्टी गेली. फाट्यावरचं येणं महिन्यावर, मग सणावर आलं. त्या नोव्हेंबरात उरलेल्या पंधरा देशांनी आपल्यावाचून सह्या केल्या. पेपरात आलं की भारतासाठी दार उघडं ठेवलं आहे. हे मी जमनीबाईला वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं.

"दार उघडं हाय ना? पक्कं?"

"पक्कं आहे. पण आपलं सरकार जाईल असं वाटत नाही."

"दार उघडं हाय, मंग जाईनच एखाद दिवशी," ती म्हणाली आणि केंद्रात झाडू मारायला लागली.

त्यानंतर जेव्हा जेव्हा मी तांड्यात जायचो, ती आधी विचारायची, "गेलो काय?" लोकांना कळायचं नाही, कुठे जायचं विचारतेय. मी मान हलवायचो.

दुधाचं काय झालं तेही सांगतो. परदेशातली पावडर त्या वाटेने आली नाही. पण दोन वर्षांनी डेअरीची गाडी यायची बंद झाली. रस्ता खराब, दूध कमी, परवडत नाही, असं ड्रायव्हर सांगून गेला. साहेब म्हणावा असा कोणी आलाही नाही. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला ते केंद्र एका मंगळवारी बंद पडलं. बायका रिकाम्या किटल्या घेऊन पडवीत उभ्या होत्या आणि जमनीबाई त्यांना सांगत होती, उद्या येईल गाडी. ती कधीच आली नाही. घनश्यामला फोन केला तर तो दुसऱ्या कुठल्या मोर्चात होता.

मग तिने ते केलं, ज्यासाठी पोरं हसतात. २०२३ च्या प्रजासत्ताक दिनाला शाळेच्या मैदानात ग्रामसभा होती. रस्ता, घरकुल, नाल्यावरचा पूल हे विषय झाले. सरपंचांनी विचारलं, आणखी कोणाचा काही विषय? जमनीबाई उभी राहिली.

"आपला देश त्या करारात परत गेला पायजे. असा ठराव लिहा."

एकच गलका झाला. धरण्याला तिच्यासोबत टेम्पोतून गेलेली हंसाबाई सगळ्यांत मोठ्याने ओरडली, "तूच तं नेलतं आमाले बाह्यर काढाले! आता आत कायले?" घनश्याम नेमका त्या दिवशी आला होता. तो म्हणाला, "याडी, कोनं पढवलं तुले? किती भेटले?" लोक हसले. फुलसिंग नायक म्हणाला, खाली बस. ती म्हणाली, "हे नसाब नाई, सरकारी सभा हाय. इथी मले बोलता येते." सरपंच म्हणाले, ठरावाला अनुमोदन लागतं, कोणी हात वर करतं का? ती उभीच राहिली. तिने सगळ्या मैदानावरून नजर फिरवली, आणि शेवटी ती माझ्यावर येऊन थांबली.

माझा हात मांडीवर होता. मी सरकारी नोकर, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. ग्रामसभेत असल्या ठरावाला हात वर करणं मला शोभलं नसतं. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे हसतील म्हणून मी हात वर केला नाही. त्या ठरावाला जगात काही किंमत नव्हती हे मला कळत होतं, तिलाही कळत असणार. तिला एक हात हवा होता, एवढंच. मी तोही दिला नाही.

सभा संपली, खुर्च्या उचलल्या, तरी ती उभीच होती.

संजयचं फाट्यावर येणं त्याआधीच थांबलं होतं. ती दोनदा एसटीने लोहाऱ्याला गेली. एकदा भेटला, पाच मिनिटं. दुसऱ्यांदा खोली बदललेली होती. शेजारच्या बाईने पत्ता दिला नाही, की नव्हताच तिच्याकडे, कोण जाणे. फोनवर बबिता बोलायची. ते ड्यूटीवर आहेत, म्हणायची.

दिवाळीला धबुकाराच्या दिवशी जमनीबाई चूल पेटवायची, लापशी करायची आणि निखारे विझेपर्यंत समोर बसून राहायची. शेजारचा पुतण्या म्हणाला, काकी, मी टाकतो घास. ती म्हणाली, तुझ्या घरची चूल वेगळी. भावसिंगच्या नावाचा घास सहा दिवाळ्या पडलेला नाही.

मागच्या पावसाळ्यात ती गोठ्यात घसरली. खुबा मोडला. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात सळी टाकली, पण नीट बसली नाही. आता ती खाटेवरच असते. पुतण्याची बायको शीला दोन वेळा भाकर आणून देते. शेवटची गाय मीच गिऱ्हाईक पाहून विकली. गाय दारातून निघाली तेव्हा मी जमनीबाईकडे पाहायचं टाळलं.

यंदाच्या दिवाळीनंतर तिने मला बोलावून घेतलं. म्हणाली, "डाक्तर, एकदा जाऊन या त्याच्याकडं. माया जीवाचं काही खरं नाई. त्याले म्हना, आन मोडू नोको, फाट्यावर ये. मले खाटंवर टाकून चार मानसं फाट्यावर आनतीन."

मी गेलो. दोन दिवस लोहाऱ्यात हिंडलो तेव्हा कुठे पत्ता लागला. एका गोदामामागे पत्र्याच्या खोल्यांची रांग, त्यातली तिसरी. संजय दुपारच्या जेवणाला आलेला होता. पोट सुटलेलं, केस विरळ. मला ओळखायला त्याला क्षणभर लागला, मग "या काका, या काका" करत त्याने खुर्ची पुसली. मुलगी आता सहा-सात वर्षांची. तिने मला पाणी दिलं आणि मराठीत विचारलं, तुम्ही कोण? तिला गोरबोली येत नव्हती.

मी आईचं सगळं सांगितलं. तो ऐकत होता, मान हलवत होता. शेवटी मी म्हणालो, "आण मोडायचीही गरज नाही. फाट्यावर ये. ती येते तिथपर्यंत."

"कोनती आन, काका?"

मला वाटलं, तो टोमणा मारतोय. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे टोमणा नव्हता.

"अरे, तू झेंड्याच्या खांबावर हात ठेवून बोलला होतास. करारात देश परत जाईपर्यंत तांड्यात पाय ठेवणार नाही."

"कोनता करार?" तो म्हणाला. मग त्याला आठवलं आणि तो मोठ्याने हसला. "हाव हाव! ते सोळा देशाचं! अगं बबिता, आठवते काय तुले? कंपनीनं पाट्या धराले लावलत्या आमाले. दिवसभराची हजेरी आन् वरून नाश्ता." हसता हसता त्याने डोळे पुसले. "ते कायले धरून बसली याडी? माया तं ध्यानात बी नोयतं."

बबिता भिंतीकडे तोंड करून भांडी लावत होती.

"मग काहून येत नाहीस, बाबू?" मी विचारलं.

तो नखाने टेबलाचा पापुद्रा काढत राहिला. "काय सांगू काका. आधी सुट्टी नोयती. मंग सवय सुटली. आता तिथी जाऊन काय करू? दूध नाई, केंद्र नाई. ते बसून राह्यते आन् पाह्यत राह्यते मायाकडं. मले नाई सहन होत ते." घड्याळात पाहून तो उठला. "येईन मी. दिवाळीचं तं होऊन गेलं, होळीले पाहीन. तुमी सांगा तिले, सुट्टी नाई म्हना."

परतीच्या एसटीत मला खिडकीजवळ जागा मिळाली होती. बाहेर कापूस फुटून पांढरा झालेला होता, बायका वेचत होत्या. मी काहीच पाहत नव्हतो. तिला सांगायचं काय? सुट्टी नाही म्हणू? जिने सहा वर्षं दिल्लीच्या तोंडाकडे डोळे लावले, जिने सगळ्या गावासमोर हसं करून घेतलं, तिला सांगू की तुझ्या आणि लेकाच्या मधे ना दिल्ली आहे, ना सोळा देश, ना सेवालालचा खांब? तो केव्हाही येऊ शकला असता. त्याला यावंसं वाटलं नाही. तिने मला याआधी एकदाच काही मागितलं होतं, मैदानातला एक हात, आणि तेव्हा मी सरकारी नोकराचा आव आणून बसून राहिलो होतो. आता खरं सांगणं मला परवडणारं नव्हतं.

तांड्यात पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. ती खाटेवर उशीला टेकून दाराकडेच पाहत होती. आरशांची काचळी घातलेली होती, शीलाकडून मुद्दाम घालून घेतलेली.

"भेटला काय?"

"भेटला."

"काय म्हने?"

"म्हणाला, पाय तर आत्ता उचलतो. पण याडीसमोर, झेंड्यासमोर घेतलेली आण आहे. फाट्यावर येऊनही डोळे चुकवल्यासारखं होईल, म्हणाला. देश आत गेला की पहिल्या गाडीने येतो."

मला वाटलं, ती रडेल. तिने डोळे मिटले आणि तिच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते पाहून मला उठून पळून जावंसं वाटलं.

"मायावर गेला," ती म्हणाली. "शब्दाचा पक्का. नाई तं लोकाइचे पोट्टे पाहा डाक्तर, काही कारन नाई, आन नाई, काही नाई, आन् उगाच येत नाईत."

"हो," मी म्हणालो.